१३ जणांपैकी १२ बुडाले, एकटा वाचला तो अंगातल्या जॅकेटमुळे!

जानेवारी २०२४. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला निघाल्या होत्या. काम नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. वाटेत वैनगंगेत नाव उलटली आणि ६ जणी बुडाल्या.

नदी असो की समुद्र, नाव उलटल्यावर माणूस कशामुळे वाचतो? याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज मच्छीमाराच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव हेन्री फ्रीमन.

१८३५ साली जन्मलेला हेन्री आधी वीटकाम करायचा. पुढे तो व्हिटबी या बंदरात मच्छीमार झाला. वादळात अडकलेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवायला तिथून लाइफबोट जायची. हेन्री त्या कामात शिरला.

९ फेब्रुवारी १८६१ ला भयंकर वादळ आलं. जहाजांमागून जहाजं किनाऱ्यावर आदळत होती. लाइफबोट पाच वेळा गेली, माणसं वाचवून परत आली. सहाव्या खेपेला मात्र लाटेनं ती उलटवली. किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत १३ पैकी १२ जण गेले. सगळे समुद्रावर आयुष्य काढलेले गडी!

वाचला तो एकटा हेन्री. कारण नवीन पद्धतीचं जॅकेट फक्त त्याच्या अंगात होतं.

हे जॅकेट कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये तयार केलं होतं. बाटलीला जे बूच लावतात, त्याच कॉर्कचे तुकडे जाड कापडावर शिवलेले. कॉर्क बुडत नाही, त्यामुळे थकून हातपाय गळाले तरी माणूस पाण्यावर तरंगत राहतो.

हेन्रीला त्या दिवसाच्या कामगिरीसाठी रौप्यपदक मिळालं. १८८० मध्ये दुसरं मिळालं. त्यानं लाइफबोटीवर ४० वर्षं काढली, त्यातली २० हून जास्त वर्षं तांडेल म्हणून. त्याच्या हातून ३०० वर जीव वाचले. १९०४ मध्ये तो गेला. कॉर्कचं जॅकेट घातलेला त्याचा फोटो आजही प्रसिद्ध आहे.

आता जॅकेटात कॉर्कऐवजी फोम असतो, पण तत्त्व तेच. जॅकेट मापाचं हवं आणि पट्टे घट्ट आवळलेले हवेत. सैल असेल तर पाण्यात ते वर सरकतं आणि माणूस खाली जातो. आणि ते काठावरच घालायचं. नाव उलटायला लागल्यावर जॅकेट शोधायला कुणालाच वेळ मिळत नाही.