तुकोबांच्या पुलावरून गेलेला वाटसरू : नारायण वामन टिळक



आमच्या दिंडीच्या या शंभर वर्षांच्या स्मरणिकेत ज्ञानोबा-तुकोबांची, निवृत्तिनाथ महाराजांची, दिंडी उभी करणाऱ्या जुन्या चालकांची आणि विणेकऱ्यांची चरित्रं आहेतच. त्यांच्या पंगतीला एका ख्रिस्ती कवीचं चरित्र कशाला, असं कुणी विचारील, आणि विचारायचा त्याला हक्क आहे. त्याचं उत्तर आमच्या वाटेतच सापडतं. त्र्यंबकेश्वराहून निघणारी आमची वाट नाशिकवरून, राहुरीवरून, नगरवरून पंढरीला जाते. नाशिक, राहुरी, नगर ही सगळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातली गावं. आणि या माणसानं आयुष्यभर एक गोष्ट कधी लपवली नाही, की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. ज्यानं आमच्या तुकोबांचं ऋण एवढं मोकळेपणानं मानलं, त्याची विचारपूस आम्ही नाही करायची तर कुणी?

आधी एक घोटाळा दूर करू. हे लोकमान्य टिळक नव्हेत. दोघंही कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघंही एकाच काळातले, पण माणसं वेगळी. आमचे हे टिळक 6 डिसेंबर 1861 रोजी करजगाव इथं जन्मले. वडील वामनराव तापट. आई जानकीबाई मोठी भाविक. लेकराचा सगळा ओढा आईकडं. ती माउली पोरवयातच गेली आणि घराचा धागाच तुटला. मुलगा घर सोडून बाहेर पडला, तो नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. कविता करायचा, भाषण असं करायचा की ऐकणारा हलायचा नाही. बुद्धी तल्लख, पण पाय एका जागी ठरायचा नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची बायको. लग्नाच्या वेळी ती जेमतेम अकरा वर्षांची होती. सासरी आल्यावर ती लक्ष्मी झाली. तिच्या माहेरी सोवळं एवढं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. आणि नवरा असा, की हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कुणा गरजूला देऊन मोकळा. आज या गावी, उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचे. लक्ष्मीबाईंनी पुढं हे सगळं आपल्या स्मृतिचित्रांत लिहिलं, ते आजही हसत हसत आणि डोळे पुसत वाचावं असं आहे.

टिळकांच्या मनात मात्र एक कोडं घर करून बसलेलं. देव एक, तर माणसामाणसांत एवढा भेद का? जातीनं माणसाला असं का बांधावं? देशावर त्यांचं अपार प्रेम होतं. या देशाला पुन्हा उभं करायचं तर धर्मानंच करावं लागेल, असं त्यांना वाटे. शेवटी स्वतःच एक नवा धर्म काढावा इथपर्यंत मजल गेली. एक देव, सगळी माणसं भावंडं, असा त्यांचा बेत.

1893 साली ते नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक गोरा पाद्री भेटला, अर्नेस्ट वॉर्ड नावाचा. गप्पा कवितेवरून निघाल्या आणि देवावर आल्या. उतरताना पाद्र्यानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना त्याचं हसू आलं असेल. पण शब्द दिला म्हणून पुस्तक वाचायला घेतलं. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. शत्रूवर प्रेम करा, दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका, दीनांचं राज्य मोठं. जे कोडं ते इतकी वर्षं सोडवत होते, त्याचं उत्तर त्यांना तिथं दिसलं.

इथं ख्रिस्ती लोकांची एक समजूत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्या पुस्तकात निकदेम नावाच्या एका मोठ्या शास्त्र्याची गोष्ट आहे. तो लोकांच्या नजरा चुकवून रात्रीच्या वेळी येशूकडं आला. येशूनं त्याला सांगितलं की माणसाला नव्यानं जन्मावं लागतं, त्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. म्हाताऱ्यानं आईच्या पोटात परत कसं जायचं, असं त्या शास्त्र्यानं विचारलं. येशूच्या म्हणण्याचा रोख असा, की हा जन्म देहाचा नव्हे. देवाच्या आत्म्यानं माणूस आतून नवा व्हायचा. बाप्तिस्मा म्हणजे या नव्या जन्माची पाण्यानं केलेली खूण. जुना माणूस पाण्यात गेला, नवा वर आला.

वारकऱ्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली, तेव्हा सावकार बुडाला आणि संत वर आला. आपल्या गळ्यात माळ पडते तेव्हा तरी दुसरं काय होतं? दारू सुटते, मांस सुटतं, खोटं बोलताना जीभ अडखळते. माळ घालणं सोपं. घातल्यावर रोज नव्यानं जगणं अवघड. टिळकांच्या चरित्राकडं आम्ही याच नजरेनं पाहतो.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या साहेबाच्या हातून घ्यायचा नाही, आपल्याच माणसाच्या हातून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. ज्या एतद्देशीय पाळकानं तो दिला त्याचं नाव तुकाराम नथोजी. योगायोग म्हणा, आणखी काही म्हणा, इथंही तुकारामच आडवा आला.

पण नव्या जन्माची किंमत त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही. नवरा बाटला हे कळताच लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. काही काळ त्यांनी पंढरपुरात नातेवाइकांकडं काढला. चंद्रभागेच्या काठी आपल्या पोराला पोटाशी धरून बसलेली ही बाई डोळ्यांसमोर आणा. टिळकांचं चरित्र सांगताना आम्हाला ही गोष्ट झाकून पुढं जायचं नाही. एकाच्या मनात उजाडलं आणि दुसरीच्या घरात अंधार झाला. खरेपणानं घेतलेला निर्णयसुद्धा घरच्यांना रडवतो, हे ज्याला माहीत नाही त्यानं संतांची चरित्रं नीट वाचली नाहीत. जिजाऊंचे हाल आठवा.

तीन-चार वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडं आल्या. आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या. वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं सोवळं जागच्या जागी. टिळकांचा स्वभाव तापट, भांडणं दोघांची खूप व्हायची. तरी त्यांनी बायकोचं सोवळं बळानं मोडलं नाही. मग राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच मनाशी हिशेब मांडला. देवानं जाती केल्या असत्या तर माणसांत तसा फरक दिसला असता; जनावरांत दिसतो तसा. तो तर कुठं दिसत नाही. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आमच्या समजुतीनं त्यांचा नवा जन्म पाण्याच्या विधीआधीच झाला होता. ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातचं पाणी गोड लागलं, त्या दिवशी झाला.

टिळक नगरच्या मिशनच्या विद्यालयात शिकवू लागले, पुढं 1904 साली पाळक झाले. तिथं त्यांना एक गोष्ट खटकू लागली. देवळात बसलेली माणसं मराठी, त्यांचं सुखदुःख मराठी, आणि गाणी मात्र बरीचशी विलायती चालीवरची. खेड्यातली बाई जात्यावर बसली की तिच्या तोंडी ओवी येते. नांगर धरलेला माणूस अभंग गुणगुणतो. त्याच्या देवाचं गाणं परक्या चालीवर का? ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात नगरकडं त्यांच्याआधीच झाली होती. टिळकांनी त्यात जीव ओतला. टाळ घेतला, अभंग घेतला, ओवी घेतली. ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, तुकोबा त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. अडीचशेच्या आसपास भक्तिगीतं त्यांनी लिहिली. त्यांत त्यांचा ख्रिस्त कधी गुरू असतो, कधी सखा, आणि कधी चक्क आई. देवाला आई म्हणायची ही सवय कुठली, हे वारकऱ्याला सांगायला नको. आजही नगर-राहुरीकडच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ही गाणी चालू असली, तर बाहेरून जाणाऱ्याला भजनच चाललंय असं वाटतं.

त्यांच्या बाकीच्या कवितेनं त्यांना फुलामुलांचे कवी हे नाव दिलं. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरात काही काळ लेकरासारखे राहिले. 1912 पासून अखेरपर्यंत ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग ते सांभाळत. येशूचं चरित्र ओव्यांत गावं म्हणून ख्रिस्तायन हाती घेतलं. थोडेच अध्याय झाले. पुढचं बहुतेक काम, लग्नात धड अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंनी केलं. नवऱ्यानं अक्षरं शिकवली, बायकोनं त्याचं पुस्तक पुढं नेलं.

तरी टिळकांचं मन भरलं नाही. बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षं झाली होती. नाव होतं, मान होता, पगार होता. आणि हेच त्यांना बोचत होतं. परदेशी मिशनच्या पैशावर उभा असलेला धर्म या मातीतला कसा होणार? 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला गेले. तिथं देवाचा दरबार नावाचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत, एकमेकांना भाऊ मानावं, एवढीच अट. जो माणूस बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावून बसला, त्यानंच शेवटी बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही भाऊ म्हणून जवळ बसवलं. त्यांचा नवा जन्म 1895 साली एकदा होऊन संपला नाही, तो वाढतच गेला, असं आम्हाला म्हणायचंय ते यामुळं.

दरबार फार दिवस चालवायचं नशिबात नव्हतं. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती रिवाज पुरायचा. पण त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांना अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरला नेल्या. जाताना चाल आपल्या वाडवडिलांची, श्रद्धा आपली स्वतःची.

आता थोडं स्पष्ट बोलू. आमच्या दिंडीतल्या काही ज्येष्ठांना टिळकांनी धर्म सोडला हे पटत नाही, आणि त्यांना ते पटावं असा आमचा आग्रहही नाही. आमचा विठोबा आम्हाला पुरेसा आहे. कुणी आपली वाट सोडावी म्हणून हे लिहिलेलं नाही. पण एक प्रश्न प्रत्येकानं आपल्या गळ्यातल्या माळेला हात लावून स्वतःला विचारावा. जात विसरून एका पंगतीत बसायचं, हे टिळकांना शोधायला घराबाहेर जावं लागलं. ते तर वाळवंटात आपल्याच संतांनी सांगून ठेवलं होतं. मग ते त्यांना आपल्या गावात, आपल्या आळीत, आपल्या पाणवठ्यावर का दिसलं नाही? पंढरीच्या वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो. घरी परतल्यावर त्याच माणसाला ओसरीवर किती जण बसवतो?

टिळकांनी पूल तुकोबांचा वापरला आणि पलीकडं गेले. आपण त्याच पुलावर शंभर वर्षं उभे आहोत, आणि पूल अजून भक्कम आहे. त्यावरून रोज दोन पावलं पुढं टाकली, वारीतलं वागणं बाराही महिने जमलं, तर माळ घातल्याचं सार्थक झालं. पुढच्या आषाढीला राहुरी-नगरच्या मुक्कामी टाळ वाजतील, तेव्हा तिथं त्याच टाळावर आपल्या देवाला आई म्हणून हाक मारणाऱ्या या वाटसरूलाही मनातल्या मनात एकदा माउली म्हणा. त्यानं आपला विठोबा काही कमी होत नाही.

रामकृष्णहरी!