इतिहासाचार्य राजवाडे : लेखांक, तळटीप आणि आधाराचा प्रश्न

मराठ्यांच्या इतिहासावरील कोणताही साधार ग्रंथ उघडला, तर त्याच्या तळटिपांत राजवाडे हे नाव, खंडाचा क्रमांक आणि लेखांक अशी त्रोटक नोंद वारंवार आढळते. या नोंदीमागे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे जवळजवळ संपूर्ण आयुष्य उभे आहे. त्या आयुष्याचा शेवट खानदेशात, धुळे येथे झाला.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. रायगड जिल्ह्यातील वरसई हे त्यांचे गाव. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी अध्यापन केले आणि १८९४ मध्ये ‘भाषांतर’ हे मासिक काढले. तरुणपणीच पत्नी निवर्तली. पुन्हा विवाह न करता त्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळण्याचे व्रत पत्करले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात होती. पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली.

या मालेचे महत्त्व केवळ कागदांच्या संख्येत नाही. मोडी पत्राचे बाळबोध वाचन छापताना संपादकाला प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे ओळखता येईल अशी व्यवस्था करावी लागे. जुन्या पत्रांत पुष्कळदा तिथी किंवा चंद्र असे, पण वर्ष नसे. ते मजकुरातील उल्लेखांवरून ठरवावे लागे, आणि कोणत्या कारणाने ठरविले ते टिपेत सांगावे लागे. हातजुळणीच्या त्या काळात पृष्ठांक पाने बांधल्यावरच निश्चित होत आणि आवृत्ती बदलली की तेही बदलत. लेखांक मात्र पत्रालाच जोडलेला असल्याने पुढील अभ्यासकाचा संदर्भ ढळत नसे. बखरींपेक्षा अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा राजवाड्यांचा आग्रह अशा रीतीने छापील पानाच्या रचनेतच उतरला. वाचकाला संपादकाचा निष्कर्ष नाकारण्याचे साधन संपादकानेच पुरविले.

ही शिस्त जिथे अपुरी पडली, ते उदाहरणही राजवाड्यांच्याच चरित्रात आहे. बीडनजीक पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी संपादित केली. ही पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे मत होते, आणि तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. परंतु मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. परिणामी पाठाचे प्राचीनत्व हा संपादकाच्या शब्दावर विसंबून राहणारा विषय झाला. राजवाड्यांची विद्वत्ता वादातीत असली, तरी मूळ साधन नाहीसे झाल्यावर विद्वत्ता त्याची जागा घेऊ शकत नाही. लेखांकाने जो विश्वास कमावला, तो येथे पणास लागला.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात राजवाड्यांचा पुढाकार होता. पुढे मतभेदांमुळे ते त्यापासून दूर झाले. ‘राधामाधवविलासचंपू’ (१९२२) आणि ‘महिकावतीची बखर’ (१९२४) यांच्या प्रदीर्घ प्रस्तावना त्यांच्या उत्तरायुष्यातील आहेत. तेव्हाच्या पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे असलेल्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद विखुरले असते, तर पाटांगणच्या पोथीची कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली असती. ते टळले, याचे श्रेय धुळेकरांना आहे. भास्कर वामन भट आणि त्यांचे सहकारी यांनी १९२७ मध्ये राजवाड्यांच्या नावाने संशोधनसंस्था उभी केली आणि हा संग्रह जतन केला. राजवाड्यांनी हस्तलिखित रूपात मागे ठेवलेला धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादिला. तो १९३७ मध्ये धुळ्याहूनच प्रकाशित झाला.

आज धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील संशोधक संगणकावर प्रबंध जुळवितो, तेव्हा तळटिपांचे क्रमांक आपोआप लागतात. राजवाड्यांच्या काळी संपादक आणि जुळारी यांना जे हाताने सांभाळावे लागे, ते यंत्र सांभाळते. मात्र क्रमांकाने निर्देशिलेला कागद प्रत्यक्ष पाहिला आहे काय, आणि तो दुसऱ्यालाही पाहता येईल काय, याचे उत्तर संशोधकालाच द्यावे लागते. बावीस खंड आणि एक हरवलेली पोथी यांचा एकत्रित धडा हाच आहे.