सँडो बनियनमागचा माणूस, आणि त्याच्या पोटऱ्या

सँडो बनियन घरोघरी आहे. पण युजेन सँडो नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याला जाऊन शंभर वर्षं झाली.

जन्म 2 एप्रिल 1867, गाव कोनिग्सबर्ग. तेव्हा ते प्रशियात होतं, आज ते कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. गाव जागेवर राहतं आणि राज्य बदलतं, हे आपल्या सीमाभागाला वेगळं सांगायला नको. खरं नाव फ्रेडरिक म्युलर. ब्रसेल्समध्ये लुई अटिला या वस्तादाकडे तो तयार झाला. 1889 साली लंडनमध्ये सॅम्पसन नावाच्या नामांकित ताकदवानाला त्याने भर रंगमंचावर हरवलं आणि रातोरात नाव झालं. 1893 मध्ये शिकागो गाजवलं. पुढच्याच वर्षी एडिसनच्या स्टुडिओत त्याचं चित्रीकरणही झालं.

पण वजन उचलणारे तेव्हाही कमी नव्हते. सँडोचं वेगळेपण असं, की लोक त्याचं शरीर बघायला यायचे. जुने ग्रीक-रोमन पुतळे हा त्याचा नमुना. मान, दंड आणि पोटरी यांचा घेर साधारण सारखा असावा, असा त्या काळी एक आडाखा होता. यात पोटरीच दगा देते. दिवसभर चालून तिला भाराची सवय झालेली असते, त्यामुळे ती लवकर वाढत नाही. सँडोच्या पद्धतीत हलके डंबेल्स, भरपूर आवर्तनं आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, हे सगळं होतं. आपल्या तालमीतली बैठक तरी काय, टाच उचलली जाते म्हणूनच पोटरीला काम मिळतं. गुडघा ताठ ठेवला तर वरच्या मोठ्या स्नायूवर जोर येतो, वाकवला तर त्याखालच्या चपट्यावर. म्हणून दोन्ही करावं लागतं. हल्ली जिममधली पोरं आरशात दिसतं तेवढंच कमावतात, खाली काड्या!

14 सप्टेंबर 1901 ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल परीक्षक होते. सर्वांत फुगलेल्या दंडाला बक्षीस नव्हतं. सगळ्या अंगाची समतोल वाढ, कातडी आणि तब्येत यांना गुण होते. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला.

1904-05 मध्ये सँडो हिंदुस्थानात आला, मुंबई-कलकत्त्यात खेळ केले. पण त्याची पुस्तकं आणि साधनं त्याच्याआधीच पोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी जवळजवळ दहा वर्षं सँडोचाच व्यायाम करत होते. पुढे मिरजेच्या संस्थानिकांचं बघून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि औंधच्या शाळाशाळांत तो नेला. म्हणजे आपल्या शाळेतल्या त्या बारा नमस्कारांच्या वाटेवर मध्ये एक मुक्काम सँडोचाही आहे.

1911 मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याला आपला व्यायामशिक्षक नेमलं. 14 ऑक्टोबर 1925 रोजी, 58 व्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलताना रक्तवाहिनी फुटली, अशी कथा सांगतात. कागदोपत्री कारण महाधमनीच्या विकाराचं आहे. बायको ब्लँचने थडग्यावर नावसुद्धा घालू दिलं नाही. पुटनी व्हेल दफनभूमीतली ती जागा पाऊणशे वर्षं बिननावाची पडून होती.