दगडातली झाडे वाचणारा बिरबल

बालमित्रांनो, बिरबल म्हटले की तुम्हाला अकबराचा बिरबल आठवतो. आज आम्ही सांगणार आहोत ते बिरबल साहनींबद्दल. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पण सुट्टीत मुलांना घेऊन डोंगर पालथे घालायचे. १९११ साली बिरबल केंब्रिजला गेले आणि १९१९ साली मायदेशी परतलेसुद्धा! (आम्ही पालक मंडळी अजून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतो आहोत, ते सोडा.) १९२१ पासून ते लखनौ विद्यापीठात होते.

त्यांचा विषय वनस्पतींचे जीवाश्म. पान चिखलात दबून कुजले, तरी चिखलाचा दगड होताना शिरांसकट ठसा उरतो. लाकडाची गंमत वेगळी. ते गाळात पुरले गेले आणि सिलिका विरघळलेले पाणी त्यात मुरले, तर पेशीपेशीत सिलिका भरते. लाकडाचा दगड होतो, पण आतली वीण तशीच राहते. मग त्याची पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवून आरपार उजेड दिसेपर्यंत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा, त्याच्याच थरांमधल्या गाळात नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे अशी दगड झालेली झाडे सापडतात. साहनींनी तीही अभ्यासली.

खरी पंचाईत पुढेच. खोड एकीकडे, पाने दुसरीकडे, बीजांचे शंकू तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळे नाव! राजमहाल टेकड्यांतील असे सुटे भाग एकाच वनस्पतिगटाचे आहेत, हे साहनींनी १९४८ साली दाखवले. खोडात लाकडाचे साधारण पाच पट्टे, म्हणून नाव पेंटॉक्सिलॉन. सुट्या फाइली जुळवून प्रोग्रॅम उभा करणाऱ्या आम्हाला याचे फार अप्रूप वाटते.

लखनौला जीवाश्मांची स्वतंत्र संस्था हवी, हे त्यांचे स्वप्न होते. कोनशिलेतही त्यांनी जीवाश्मच बसवले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली. आणि १० एप्रिलला, अवघ्या आठवड्यात, साहनी हृदयविकाराने गेले. संस्थेला इमारतही नव्हती. पत्नी सावित्रीबाईंनी काम अंगावर घेतले. १९५३ साली इमारत उभी राहिली. ती कोनशिला आजही तिथे आहे. सुट्टीत लखनौकडे गेलात तर जरूर पाहा.