शंवाकि : विक्रीकडून जनसंपर्काकडे

आपल्या बोरीच्या शाळेतून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी कितीतरी जण विक्रीच्या धंद्यात शिरले. कुणी बियाणे विकले, कुणी औषधे, कुणी विमा. त्यातले काही पुढे मार्केटिंग सोडून जनसंपर्काकडे वळले, की घरचे विचारतात, यात वेगळे ते काय? या प्रश्नाचे उत्तर मला शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्या चरित्रात सापडले. महाराष्ट्र त्यांना ‘शंवाकि’ म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म 1891 चा. मूळ ओढ चित्रकलेची. पंडित सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. पण पोटापाण्याचा व्यवसाय मिळाला तो काका लक्ष्मणराव यांच्या कारखान्यात. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली होती. तिथे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे तयार होत. शंकररावांकडे जाहिरात आणि विक्रीचे काम आले.

काम सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपल्यासारख्या काळ्या रानातल्या माणसांना हे लगेच कळेल. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेला हात नुसती किंमत ऐकून बदलत नाही. आधी सांगणाऱ्यावर भरवसा बसावा लागतो.

1920 साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची माहिती एजंट आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारे ते पत्रक होते. आज आपण त्याला गृहपत्रिका म्हणू, आणि ते जनसंपर्काचे पहिले साधन मानू. पण शंकरराव तेवढ्यावर थांबले नाहीत. वाचणाऱ्याला नांगराखेरीजही आयुष्य असते, हे त्यांनी ओळखले. उद्योग, आरोग्य, विज्ञान, कथा असे विषय अंकात येऊ लागले. हळूहळू ‘खबर’ हा शब्द गळला आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठी घरातले मासिक झाले. 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ निघाले.

इथे खरी कसोटी होती. ‘किर्लोस्कर’मध्ये सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख येत, अंधश्रद्धा आणि जुन्या रूढींवर टीका असे. ‘स्त्री’ बायकांच्या शिक्षणाबद्दल, त्यांच्या हक्कांबद्दल मोकळेपणाने बोलत असे. ज्यांना नांगर विकायचा, त्यांच्याच श्रद्धांना धक्का लावणारा मजकूर छापायचा. नुसता विक्रेता असता, तर त्याने गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून हात आखडला असता. शंकररावांनी तसे केले नाही. वाचकाला आवडेल तेवढेच सांगायचे, हा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

लेखणीबरोबर कुंचलाही चालूच राहिला; त्यांची व्यंगचित्रे गाजली. पुढे ‘शंवाकीय’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. 1975 साली ते गेले.

विक्री माल हातात देते तेव्हा संपते. जनसंपर्क त्यानंतरही चालू राहतो, कारण त्यात आपला शब्द पणाला लागलेला असतो. आपल्या गुरुजनांनी वर्गात हेच शिकवले होते, फक्त त्याला हे नाव नव्हते. घरच्यांनी पुन्हा विचारले, तर मित्रांनो, शंवाकिंची ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.