ग्रेस हॉपर : कोडचं कोठार आणि एका चुकलेल्या बिलाची गोष्ट

फोनवर एखादं ॲप अपडेट होतं तेव्हा आपण फक्त टक्के सरकताना बघतो. पण ते ॲप बनवणाऱ्याने सगळा कोड स्वतः लिहिलेला नसतो. फोटो दाखवणं, नेटवरून माहिती आणणं, तारीख नीट छापणं, अशा कामांसाठी तो इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी घेतो. हे सगळं जोडून ॲप तयार करण्याला बिल्ड म्हणतात. त्या लायब्ररी एका जागी ठेवणारं आणि मागितली तीच आवृत्ती हातात देणारं सॉफ्टवेअर म्हणजे रिपॉझिटरी मॅनेजर. साध्या मराठीत, कोडचं कोठार.

आम्हाला ते लावायची वेळ माझ्यामुळे आली. चार जणांची टीम, दुकानांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर. कर मोजणारी एक छोटी जार फाईल मी लिहिली होती. ती कुणाला पेनड्राइव्हवर दिली, कुणाला व्हॉट्सॲपवर. पुढे तिच्यात पैसे राउंड करण्याची चूक सापडली. मी दुरुस्त केली आणि नाव ठेवलं 'टॅक्स-फायनल-नवीन'. दोघांनी फाईल बदलली, तिसऱ्याने नाही. नेमका त्याच्याच लॅपटॉपवरून बिल्ड गेला. एका दुकानदाराची महिनाभराची बिलं काही पैशांनी चुकत राहिली. रक्कम किरकोळ होती, पण रोज हिशेब जुळेना म्हणून त्याने काउंटरवरच्या मुलाला चोर ठरवलं होतं. आम्ही जाऊन चूक कबूल केली तोवर त्या मुलाने काम सोडलं होतं.

त्याच दिवसांत ग्रेस हॉपर यांच्याबद्दल वाचत होतो. तेव्हा कळलं की हा घोळ निदान १९४४ पासूनचा आहे!

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली घड्याळं एकामागून एक खोलली. सात खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं, आणि मग प्रयोगाला एकच घड्याळ मिळालं. पुढे व्हॅसार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी आणि व्हॅसारलाच शिकवण्याची नोकरी. सगळं मार्गी लागलं होतं. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाईंना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन कमी. खास परवानगी काढून त्या १९४३ च्या डिसेंबरात राखीव दलात शिरल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे मार्क वन नावाचं यंत्र होतं, ५१ फूट लांब. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, आज्ञा कागदी पट्टीला भोकं पाडून द्यायच्या. हॉवर्ड एकेन हे तिथले प्रमुख. त्यांनी बाईंना यंत्राचं मॅन्युअल लिहायला बसवलं. ते पाचशेहून जास्त पानांचं झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथले प्रोग्रामर चाललेला कोड आपापल्या वहीत उतरवून ठेवत. साइन काढायचा तुकडा एकाच्या वहीत, घातांकाचा दुसऱ्याच्या. लागला की वही मागायची आणि हाताने उतरवून घ्यायचं. उतरवताना अक्षरं बदलत, 'बी'चा तेरा होई. प्रत्येक तुकड्याचे पत्ते नव्या प्रोग्राममध्ये बेरीज करून बदलावे लागत, तिथे बेरीज चुके. म्हणजे माझी पेनड्राइव्हची भानगडच, फक्त शाईत!

(कीटकाची गोष्ट विचाराल म्हणून सांगतो. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू यंत्रात पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला हे खरं. पण तो हॉपरबाईंनी पकडला नव्हता, आणि 'बग' हा शब्दही त्याआधीपासून इंजिनिअर वापरत होते. बाईंनी तो किस्सा जगभर सांगितला, एवढंच.)

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉचली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक संगणक तयार होत होता. तयार तुकड्यांची लायब्ररी ठेवणं ही काही त्यांचीच कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये केंब्रिजला विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी एडसॅक संगणकासाठी कागदी पट्ट्यांची लायब्ररी लावलेली होती. बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. तुकडे चुंबकीय टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. टेपवरून तुकडा शोधणं, उतरवणं, पत्त्यांची बेरीज करणं हे सगळं संगणकच करणार. याचं नाव ए-झिरो. १९५२ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. त्या याला कंपायलर म्हणत. आजच्या भाषेत ते लिंकर आणि लोडरच्या जवळचं आहे.

हे वाचलं आणि आम्ही कोठार लावायला घेतलं.

पर्याय बरेच आहेत. फक्त एनपीएमची पॅकेजेस असतील तर व्हर्डाचिओ पुरतं, हलकं आहे. आर्टिफॅक्टरी दणकट, पण फुकट आवृत्तीत मोजकेच फॉरमॅट. आम्हाला जावा, एनपीएम आणि डॉकर एकाच ठिकाणी हवं होतं म्हणून सोनाटाइपचं नेक्सस घेतलं. त्याच्याही फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत, त्या आधी वाचा. आणि रॅममध्ये कंजुषी करू नका. आम्ही २ जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर बसवायला गेलो, तो गुदमरला. ८ जीबी तरी हवी.

इन्स्टॉल झालं की ब्राउझरमध्ये ८०८१ पोर्टवर ते उघडतं. आत तीन प्रकारची रिपॉझिटरी दिसतात. होस्टेड म्हणजे आपल्या स्वतःच्या लायब्ररींची. प्रॉक्सी म्हणजे बाहेरून आणलेल्यांची. एकदा आणली की प्रत आपल्याकडे राहते. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी काढली गेली आणि जगभरचे बिल्ड कोसळले. ज्यांच्या प्रॉक्सीत प्रत होती त्यांना फारसं जाणवलं नसणार. तिसरा प्रकार ग्रुप, म्हणजे या सगळ्यांना मिळून एकच पत्ता. मेव्हनच्या सेटिंग्ज फाईलमध्ये मिरर म्हणून हा ग्रुपचा पत्ता टाकला की प्रत्येक लॅपटॉप इथूनच माल उचलतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सेटिंग वेगळीच आहे. रिलीज रिपॉझिटरीत 'रिडिप्लॉय' बंद ठेवा. म्हणजे १.४.१ एकदा चढली की त्याच क्रमांकाने दुसरी फाईल चढत नाही. दुरुस्ती केली तर १.४.२ करा. रोज बदलणारा कच्चा माल स्नॅपशॉटमध्ये टाका. ही सेटिंग आधी असती तर तो मुलगा आजही त्या काउंटरवर असता.

लोकांना वळवणं मात्र सर्व्हर लावण्याहून अवघड. आमचा एक जण महिनाभर गुपचूप जार फाईल ईमेल करत होता. हॉपरबाईंच्या वाट्याला तर याहून जास्त आलं. संगणक फक्त गणित करतो, प्रोग्राम तयार करू शकत नाही, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांनी वाद घालण्यापेक्षा वस्तू हातात दिली. १९५३ मध्ये ए-टू ही पुढची आवृत्ती ग्राहकांना मूळ कोडसकट पाठवली आणि सुधारणा सुचवायला सांगितलं. नंतर इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक आली. तिचा नमुना दाखवताना बाईंनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला, तर साहेब लोक बिथरले. अमेरिकन संगणकाला परकी भाषा कशी कळेल! याच फ्लो-मॅटिकचा मोठा हिस्सा १९५९ च्या कोबोलमध्ये उतरला.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने लांबतच गेले. काम कोणतं? प्रत्येक कंपनीचं कोबोल थोडं वेगळं वागायचं, ते एकसारखं करायचं. त्यासाठी बाईंच्या टीमने चाचण्यांचे संच तयार केले. व्याख्यानांत त्या जवळपास ३० सेंटिमीटरची तार वाटत, एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापते हे दाखवायला. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

आमच्या नेक्ससच्या सर्व्हरला आम्ही 'हॉपर' नाव दिलंय. टीममध्ये नवीन आलेली मुलगी परवा विचारत होती, हे कुठलं नाव. तिला पाठवायला म्हणून हे लिहून काढलं.