बिशप शमुवेल अजायी क्राउदर

पश्चिम आफ्रिकेंत, ज्या देशास आतां नायजेरिया म्हणतात तेथें, योरुबा नांवाचे लोक प्राचीन काळापासून राहत आहेत. त्यांच्या ओसोगुन ह्या गांवीं सुमारें १८०९ सालीं एक मुलगा जन्मला. जें मूल जन्मतांना पालथें येतें त्याचें नांव अजायी ठेवावें, अशी त्या लोकांची चाल आहे. त्याप्रमाणें ह्या मुलाचें नांव अजायी ठेविलें. हाच मुलगा पुढें बिशप शमुवेल अजायी क्राउदर ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांचें चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस विशेष विचार करावयास लावील, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

१८२१ सालीं एके दिवशीं सकाळीं, बायका न्याहारीची तयारी करीत असतां, गुलाम धरणाऱ्या टोळ्यांनीं ओसोगुनवर हल्ला केला. बापानें धांवत घरीं येऊन पळून जाण्याची खूण केली व तो लढावयास परत गेला. तेंच त्याचें शेवटचें दर्शन. आई लेंकरांस घेऊन झाडींत पळाली, परंतु सर्व जण सांपडले. शेळ्यांस बांधावें तसे गळ्यांत दोर घालून त्यांस चालविलें, आणि थोड्याच दिवसांत अजायीची व आईची ताटातूट झाली. पुढें कांहीं महिन्यांत तो अनेक वेळां विकला गेला. एकदां त्यास घोड्याच्या मोबदल्यांत दिलें; परंतु घोडा पसंत पडला नाहीं, म्हणून तो सौदा मोडला. अशी त्या मुलाच्या जिवाची किंमत झाली होती.

शेवटीं लागोस बंदरीं पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं त्यास विकत घेऊन जहाजावर चढविलें. ह्या जहाजावर १८७ गुलाम होते. १८२२ च्या एप्रिल महिन्याच्या ७ व्या तारखेस इंग्रजी आरमारानें तें जहाज पकडून त्या सर्वांस मुक्त केलें. परंतु मुक्त झालों हें त्या गरिबांस कसें कळावें? इंग्रजांच्या जहाजावर डुकराचें मांस टांगलेलें व तोफांचे गोळे रचून ठेविलेले पाहून, हें माणसांचें मांस व हीं माणसांचीं डोकीं, असें ह्या मुलांस वाटलें. आणि जवळ जाऊन नीट पाहीपर्यंत त्यांची भीति गेली नाहीं. दूरच्या मनुष्याविषयीं आपण सर्वच असेंच कांहीं मानीत असतों.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अजायीस धरून विकणारे त्याच्याच खंडाचे लोक होते. विकत घेणारे गोरे होते. आणि सोडविणारेही गोरेच होते. पाप कोणा एका रंगाचें नसतें व दयाही कोणा एका रंगाची नसते.

सुटलेल्या लोकांस सिएरा लिओन येथें वसवीत असत. तेथें नाना जातींचे व नाना भाषा बोलणारे लोक एकत्र झाले होते. सर्वांचें घर तुटलेलें, एवढेंच सर्वांत सारखें होतें. अजायी तेथील मिशन शाळेंत सहा महिन्यांत वाचावयास शिकला व सुतारकामही शिकला. १८२५ च्या डिसेंबरांत त्याचा बाप्तिस्मा होऊन इंग्लंडांतील एका पाळकांचें शमुवेल क्राउदर हें नांव त्यास मिळालें. परंतु अजायी हें नांव त्यानें टाकलें नाहीं. १८२७ सालीं फूरा बे येथें नवीन निघालेल्या विद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. पुढें सुसान नांवाच्या, आपल्यासारख्याच गुलामगिरींतून सुटलेल्या मुलीशीं त्याचा विवाह झाला, आणि १८४३ सालीं लंडन येथें त्यास पाळकाची दीक्षा मिळाली.

१८४६ सालीं क्राउदरसाहेब आपल्या योरुबा देशांत, अबेओकुटा शहरीं, सुवार्तेच्या कामास गेले. तेथें आगस्टच्या २१ व्या तारखेस त्यांची आई त्यांस भेटली. ताटातूट होऊन पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. दोघेंही स्तब्ध झालीं. एकमेकांचे हात धरून नुसतीं पाहत राहिलीं, आणि डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. मग आई, बाळपणीं घरांत ज्या लाडक्या नांवांनीं त्यास हांक मारीत असत, त्याच नांवांनीं त्यास हांका मारूं लागली. तीही अनेकदां विकली गेली होती. १८४८ सालीं तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां तिचें नांव हन्ना ठेविलें. शमुवेलाच्या आईस दुसरें कोणतें नांव शोभलें असतें?

त्यांचें सर्वांत मोठें काम पवित्र शास्त्राचें योरुबा भाषांतर होय. ही भाषा लिहिण्याची नीट व्यवस्था तोंवर लागलेली नव्हती. तींत स्वर उंच किंवा खालीं झाला कीं शब्दाचा अर्थच बदलतो. म्हणून क्राउदरसाहेब वृद्ध मनुष्यांजवळ बसून त्यांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकत व त्यांचे शब्द आणि म्हणी टिपून ठेवीत. १८४३ सालीं त्यांचा योरुबा शब्दसंग्रह छापला गेला, आणि १८८० नंतरच्या दशकांत संपूर्ण शास्त्राचें भाषांतर पुरें झालें.

१८६४ च्या जून महिन्याच्या २९ व्या तारखेस कँटरबरी येथील मंदिरांत त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळींत आफ्रिकी वंशाचे ते पहिले बिशप होत. ज्या आरमारी अधिकाऱ्यानें त्यांस गुलामांच्या जहाजावरून सोडविलें होतें तो त्या दिवशीं मंदिरांत हजर होता. पुढें नायजर नदीच्या कांठीं त्यांनीं आफ्रिकी उपदेशकांच्या हातींच मिशनचें काम चालविलें.

परंतु शेवट दुःखाचा झाला. म्हातारपणीं युरोपांतून नवीन तरुण मिशनरी आले. त्यांनीं बिशपसाहेबांच्या सहकाऱ्यांवर दोष ठेविले, कित्येकांस कामावरून दूर केलें, व खुद्द बिशपांचाही मान राखला नाहीं. १८९१ च्या डिसेंबरच्या ३१ व्या तारखेस लागोस येथें ते प्रभूमध्यें झोपीं गेले. आणि त्यांच्या जागीं युरोपियन बिशप नेमला गेला. २०१४ सालीं, त्यांच्या दीक्षेस दीडशें वर्षें झालीं तेव्हां, कँटरबरीच्याच मंदिरांत तेथील आर्चबिशपांनीं ह्या अन्यायाबद्दल मंडळीच्या वतीनें पश्चात्ताप व्यक्त केला. उशिरानें कां होईना, खरें तें बोललें गेलें.

नाशिककडील आमच्या वाचकांस ह्या चरित्रांत आपल्या घरची ओळख पटेल. ज्या चर्च मिशनरी सोसायटीनें अजायीस शिकविलें, तिनेंच नाशिकजवळ शरणपूर वसविलें. गुलामांच्या जहाजांतून सुटलेलीं पूर्व आफ्रिकेचीं मुलें तेथें ठेवून त्यांस अक्षरें व कारागिरी शिकवीत असत. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर १८७४ सालीं इंग्लंडास गेला. आणि दुसरे कित्येक मोंबासाजवळ फ्रीयरटाउन येथें, सुटलेल्या गुलामांच्या वसाहतींत, कामास लागले.

बंधुभगिनींनो, बाप्तिस्मा घेतला म्हणजे आपण आपल्या मुळांपासून तुटलों, असें आपणांस कोणी म्हणतात; आणि कधीं कधीं आपणांसही तसें वाटूं लागतें. अजायी क्राउदर यांचें गांव जळालें, कूळ विखुरलें, दुसऱ्या देशाचें नांव त्यांस मिळालें. तरी त्यांनीं आपली मातृभाषा सोडली नाहीं, तर तिची सेवा केली. आणि परक्यांनीं केलेलें उपकार व अपकार दोन्ही भोगून कोणाही परक्याचा त्यांनीं द्वेष केला नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं आपल्या गांवच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावें, त्यांचें बोलणें ऐकावें, आणि सुवार्ता सांगतांना त्यांच्याच घरची भाषा बोलावी. आईनें मारलेली हांक मनुष्य पंचवीस वर्षांनींही ओळखतो.